होडीच्या यंत्राची विश्रांति

पावसाळा लागला कीं सांगलीकर सकाळीं वर्तमानपत्र उघडून प्रथम शोधतात तो आयर्विन पुलाजवळील पाण्याचा आंकडा. १९२९ सालीं वाहतुकीस खुला झालेला हा पूल शहराची जणूं नाडीच होय. ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, हें तेथील शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. २०१९ च्या ऑगस्टांत हा आंकडा ५७ फुटांच्या घरांत गेला, आणि ज्या रस्त्यांवरून रिक्षा धांवत त्या रस्त्यांवरून होड्या चालूं लागल्या. त्याच महिन्याच्या ८ तारखेस पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें आणणारी होडी उलटून अनेकांस जलसमाधि मिळाली. होडी ही कृष्णाकांठीं केवळ करमणुकीची वस्तु नव्हे, हें त्या दिवसानें सर्वांस शिकविलें.

होडीवर किती माणसें बसवावीं, नावाडी कसा असावा, हे स्वतंत्र विषय आहेत. येथें विचार करावयाचा आहे तो होडीच्या मागें लावलेल्या लहान पेट्रोल-यंत्राचा. आणि तोहि तें चालत असतांनाचा नव्हे, तर स्वस्थ पडलेलें असतांनाचा. पूर ओसरला कीं हें यंत्र कोपऱ्यांत जातें आणि पुढील आषाढापर्यंत त्याची कोणास आठवण होत नाहीं. मग एखाद्या मध्यरात्रीं, मुसळधार पावसांत, तें बाहेर निघतें. दोरी वीस वेळां ओढली तरी हूं कीं चूं करीत नाहीं. दोष बहुधा यंत्राचा नसतो. आठ-नऊ महिने त्याच्या पोटांत राहिलेल्या पेट्रोलाचा असतो.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाहीं. अनेक द्रवांचें तें मिश्रण आहे. त्यांतील हलके भाग, ज्यांच्यामुळें यंत्र चटकन् पेटतें, तेच प्रथम उडून जातात. उरलेल्या भागाशीं हवेंतील प्राणवायूचा संयोग होऊन हळूहळू डिंकासारखा चिकट थर जमतो. कार्बुरेटरमधील ज्या छिद्रांतून इंधन जातें तीं मिलिमीटरापेक्षांहि बारीक असतात. एवढासा डिंक त्यांस पुरेसा होतो.

दुसरी गोष्ट नवी आहे. भारतांत २०२५ सालीं पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. हें इथेनॉल उंसापासूनहि होतें, आणि ऊंस तर कृष्णाकांठचें वैभव. परंतु इथेनॉलास पाण्याची ओढ असते. अर्धवट भरलेल्या टांकींत दमट हवा शिरते, आणि इथेनॉल तिच्यांतील ओलावा शोषून घेतें. हें प्रमाण मर्यादेबाहेर गेलें कीं पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि तळाशीं बसतात. यंत्राची नळी इंधन ओढते ती नेमकी तळांतूनच!

यास्तव यंत्र ठेवण्यापूर्वीं पुढील क्रम पाळावा. काम उघड्यावर करावें. जवळ विडी, चूल, कंदील कांहीं नसावें, कारण पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या ज्वाळेसहि जाऊन मिळते.

प्रथम ताज्या पेट्रोलांत स्टॅबिलायझर हें औषध सांगितलेल्या प्रमाणांत मिसळून यंत्र दहा मिनिटें चालवावें, म्हणजे तें कार्बुरेटरपर्यंत पोहोंचतें. हें औषध ताजें पेट्रोल टिकवितें. नासलेलें सुधारीत नाहीं. यंत्राचा खालचा भाग पिंपांतील पाण्यांत बुडवूनच तें चालवावें. कोरडें चालविल्यास पाणी खेंचणारें रबरी चक्र थोड्याच वेळांत जळतें. नंतर इंधनाची नळी काढून यंत्र आपोआप बंद पडूं द्यावें. तेवढ्यानें कार्बुरेटरची वाटी पुरती रिकामी होत नाहीं. तिच्या तळाचा स्क्रू काढून उरलेले थेंब भांड्यांत घ्यावे. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, दोरीनें यंत्र दोन-चार वेळां फिरवावें आणि प्लग पुन्हां बसवावा. गाळणी बदलावी, नळी व तिच्यावरील रबरी फुगा यांस भेगा पडल्या आहेत कीं काय तें पाहावें. सुटी टांकी असल्यास ती अगदीं रिकामी करून वाळवावी. अर्धी भरलेली टांकी सर्वांत वाईट. काढलेलें पेट्रोल गटारांत अथवा नदींत ओतूं नये.

मात्र ज्या नव्या यंत्रांत कार्बुरेटराऐवजीं इंजेक्शनची व्यवस्था असते, तेथें इंधन संपेपर्यंत यंत्र चालविणें घातक ठरतें. कारण त्यांतील विजेच्या पंपास पेट्रोल हेंच वंगण असतें. तेथें कारखान्याची पुस्तिका हाच गुरु.

परदेशी पुस्तकांत हें सर्व हिवाळ्याच्या प्रकरणांत सांपडतें, कारण तेथें पाणी गोठतें. कृष्णेच्या खोऱ्यांत प्रकार निराळा. साताऱ्याकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, तापोळा व बामणोली येथील सहलीच्या होड्या पावसाळ्यांत विसांवा घेतात. त्यांचा शत्रु ओलावा. सांगलीकडील पुराच्या होड्या पावसाळ्यांतच जाग्या होतात आणि उन्हाळाभर निजतात. त्यांचा शत्रु चैत्र-वैशाखाचा ताप, जो हलकें पेट्रोल आधीं उडवितो. म्हणून सांगलीच्या होडीस आणखी एक नियम लागतो: मे महिन्याच्या अखेरीस ताजें पेट्रोल घालून यंत्र एकदां चालवून पाहावें, आणि त्या दिवसाची तारीख चिठीवर लिहून यंत्रास बांधावी. शिवाय तें ठेवावयाची जागा पूररेषेच्या वर असावी. तळमजल्यावर ठेवलेलें यंत्र गरजेच्या दिवशीं स्वतःच पाण्याखालीं जातें.

ज्यांच्या घरीं होडी नाहीं त्यांच्या घरीं जनरेटर अथवा वर्षांतून एकदां निघणारी स्कूटर असते. त्यांसहि बहुतेक हेच नियम लागू आहेत. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें सर्वच जाणतात. पण खणलेल्या विहिरीचा गाळ वेळेवर काढावा लागतो, हें फार थोड्यांच्या ध्यानांत राहतें. छपरावर हांका मारीत बसलेल्या माणसास यंत्र कोणत्या कंपनीचें, हें पुसावयाचें नसतें. त्याचे कान लागलेले असतात तें यंत्र सुरू झाल्याच्या आवाजाकडे.