नव्या घरांना तडे : दाद एकजुटीने मागू
(मंडळाच्या सभेतील भाषण)



इंदुरात आपल्याला पिढ्या झाल्या. माळव्याची काळी माती आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. याच मातीवर उथळ पाया घातला की तो तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. प्लास्टरवरची केसासारखी रेघ बहुधा सुकताना पडते, तिची भीती नको. आरपार गेलेली, रुंदावत जाणारी भेग मात्र पायाची परीक्षा मागते.

बिल्डर पुट्टी भरतो, रंग मारतो. पुढच्या वर्षी भेग पुन्हा हजर! म्हणून आमचे सांगणे आहे : आधी भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा, तारीख घाला, फोटो काढा. मगच दुरुस्ती.

२०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १४ आपल्या बाजूने आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील असा दोष कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दूर करायचा. नाहीतर भरपाई द्यायची. तक्रार लेखीच करा, पोच घ्या. एकेकट्याने नव्हे, कॉलनीने मिळून करा.

आणि मते मागायला येणाऱ्यांना एवढेच विचारू या : नकाशा मंजूर होताना मातीची तपासणी कोण पाहतो?

आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घरासाठी हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?