गिऱ्हाइकं येण्याआधी आपणच गर्दी करून बघू

(या भागातलं बोलणं इथे मजकूर म्हणून देत आहोत. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

एक तारीख सांगते, आठवते का बघा. २८ एप्रिल २०२१, दुपारचे चार. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन पोर्टलवर लशीची नोंदणी उघडली होती. आपण सगळे मोबाइल हातात घेऊन बसलो होतो. कुणाला ओटीपी येईना, कुणाचं पान उघडेना, आणि प्रत्येक जण रिफ्रेश, रिफ्रेश करत होता. त्या एका दिवसात सव्वा कोटींहून जास्त लोकांनी नोंदणी केली. म्हणजे दार शेवटी उघडलं, पण त्या पहिल्या काही मिनिटांत आपल्याला काय वाटलं होतं, ते आठवा.

आता कल्पना करा की ते दार तुम्ही बनवलंय. माझ्यावर ती वेळ आली होती, अर्थात फार छोट्या प्रमाणावर. आजचा विषय आहे लोड टेस्टिंग. घाबरू नका, कोडिंग येत नसलं तरी कळेल. सुरुवात आंब्यापासून करते.

सहाशे पेट्या आणि एक रविवार

मी वेबसाइट बनवते. एकटीच काम करते, पुण्यात राहते, मूळची कोकणातली. देवगडकडचे एक बागायतदार काका आमच्या ओळखीतले. वर्षानुवर्षं फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घ्यायचे, वहीत लिहायचे. मीच त्यांच्या मागे लागले, "काका, वेबसाइट करू. लोक स्वतः बुक करतील, पैसे आधी येतील, वही नको." ते तयार झाले.

मी साइट बनवली. स्वतःच्या फोनवर तपासली, आईच्या फोनवर तपासली, दोन मैत्रिणींना लिंक पाठवली. सगळं झकास. पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी दहाला बुकिंग उघडायचं ठरलं. पहिल्या तोडीच्या सहाशे पेट्या होत्या. काकांनी चार हजार जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला.

दहा वाजून चार मिनिटांनी साइट झोपली. ती पावणेअकराला उठली.

साइट बंद पडणं एकवेळ चाललं असतं. पण एकसष्ट लोकांचे पैसे कापले गेले होते आणि आमच्याकडे त्यांची ऑर्डरच नव्हती. मला काकांचा फोन आला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "गो बाय, लोकांचे पैशे गेले, आनि माज्याकडे नावां पन नाय. आता काय सांगू?"

पुढचे तीन दिवस काकांनी पेमेंटच्या यादीवरून एकेकाला फोन करून माफी मागितली. चूक माझी होती, माफी त्यांनी मागितली. त्या एकसष्टमधले अकरा जण पुढच्या वर्षी आलेच नाहीत. पंचवीस वर्षांत जोडलेली माणसं होती ती.

वडापावच्या गाडीचं गणित

नेमकं काय झालं होतं? समजा, वडापावच्या गाडीवर मिनिटाला बारा माणसं येतात आणि प्रत्येकाला हातात वडापाव मिळायला दोन मिनिटं लागतात. तर कुठल्याही क्षणी गाडीभोवती किती माणसं असतील? बारा गुणिले दोन, चोवीस. तेल थंड झालं आणि दोनाची चार मिनिटं झाली, तर येणारी माणसं तेवढीच असूनही गर्दी अठ्ठेचाळीस होते. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. बँकेची रांग, टोलनाका, वेबसाइट, सगळीकडे तो लागू पडतो.

आता आमची साइट. चार हजार लोकांपैकी समजा दीड हजार पहिल्या पाच मिनिटांत आले. प्रत्येकाने चार पानं उघडली, म्हणजे सहा हजार पानं तीनशे सेकंदांत. सेकंदाला वीस. माझ्या सर्व्हरवर एका वेळी दहाच कामं चालायची. एक पान तयार व्हायला ०.३ सेकंद लागत होते तोवर सेकंदाला तेहेतीस पानं निघू शकत होती. आरामात. पण गर्दीत तेच पान ०.८ सेकंद घ्यायला लागलं की सेकंदाला साडेबाराच निघतात. येतात वीस, निघतात साडेबारा. दर सेकंदाला साडेसात जण रांगेत वाढतात, एका मिनिटात साडेचारशे. वर लोक रिफ्रेश दाबतात, म्हणजे एकच माणूस तीनदा रांगेत उभा राहतो.

म्हणजे साइट हळूहळू मंदावत नाही. एका टप्प्यापर्यंत ती मस्त चालते आणि मग एकदम कोसळते. म्हणून "माझ्या फोनवर तर चालतंय" या वाक्याला काही अर्थ नसतो.

खोटी गिऱ्हाइकं

लोड टेस्टिंग म्हणजे काय, तर खरी गर्दी यायच्या आधी आपणच खोटी गर्दी करायची. यासाठी फुकट साधनं आहेत. अपाची जेमीटर आहे, के-सिक्स आहे, लोकस्ट आहे. लोकस्ट म्हणजे टोळ. शेतावर टोळधाड येते तशी साइटवर सोडायची, म्हणून ते नाव. तुम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिता: हा माणूस पहिलं पान उघडेल, दहा सेकंद फोटो बघेल, पेटी निवडेल, पत्ता भरेल, पैसे भरेल. आणि मग सांगता, असे पन्नास सोड, मग शंभर, मग तीनशे.

मधले दहा सेकंद विसरू नका. खरा माणूस वाचतो, विचार करतो, बायकोला विचारतो. थांबा ठेवला नाही तर टेस्ट खोटी होते.

दुसऱ्या वर्षी हंगामाच्या दोन महिने आधी मी हे केलं. साइटची हुबेहूब नक्कल वेगळ्या सर्व्हरवर उभी केली आणि टोळ सोडले. लाज वाटेल इतक्या गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट. प्रत्येक पानावर "इतक्या पेट्या शिल्लक" असं दिसायचं, आणि तो आकडा काढायला साइट दर वेळी आजवरच्या सगळ्या ऑर्डरी मोजत बसायची. मी तपासलं तेव्हा डेटाबेसमध्ये वीस ऑर्डरी होत्या, त्यामुळे कळलंच नाही. काकांच्या जुन्या वह्यांतल्या हजारो ऑर्डरी मी नंतर आत भरल्या होत्या. म्हणून सांगते, रिकाम्या डेटाबेसवर केलेली टेस्ट म्हणजे रिकाम्या एसटीचे ब्रेक तपासणं. शिल्लक आकडा वेगळा लिहून ठेवला आणि तो प्रश्न मिटला.

दुसरी. ऑर्डर झाली की एसएमएस जायचा आणि तो जाईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळायचं. एसएमएसवाल्यांकडून उत्तर यायला दोन-दोन सेकंद लागायचे. म्हणजे माझ्या दहा खिडक्यांतल्या सात-आठ खिडक्या नुसत्या वाट बघत बसलेल्या. मग एसएमएस मागच्या रांगेत टाकले. ऑर्डर आधी, निरोप सावकाश.

तिसरी ऐकून मी खुर्चीतून उठलेच. शंभर पेट्या ठेवल्या आणि तीनशे खोटी गिऱ्हाइकं सोडली. ऑर्डरी किती झाल्या? एकशे सात! शेवटची पेटी एकाच क्षणी आठ जणांना "शिल्लक आहे" अशी दिसली आणि आठही जणांना विकली गेली. ही चूक एकट्याने क्लिक करून जन्मात सापडली नसती. आधी बघायचं आणि मग कमी करायचं अशी दोन पावलं होती, त्यांचं एकच पाऊल केलं: शिल्लक असेल तरच कमी कर, नाहीतर नाही म्हण.

आणि ते एकसष्ट लोक? पैसे भरून गिऱ्हाईक परत आमच्या पानावर आलं की मगच मी ऑर्डर लिहीत होते. पान उघडलंच नाही, तर ऑर्डरच नाही. आता पैसे भरायला पाठवण्याआधीच "प्रलंबित" म्हणून ऑर्डर लिहिली जाते, आणि पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून थेट निरोप आला की ती पक्की होते. मधे साइट झोपली तरी नाव आणि फोन नंबर आमच्याकडे राहतो.

सरासरीवर विश्वास ठेवू नका

टेस्ट झाली की आकडे येतात. सगळ्यात आधी सरासरी दिसते आणि ती फसवते. शंभर जणांपैकी पंच्याण्णव जणांना अर्ध्या सेकंदात पान मिळालं आणि पाच जणांना पंधरा सेकंद लागले, तर सरासरी येते जेमतेम सव्वा सेकंद. वाटतं, छान आहे की! पण ते पाच जण निघून गेलेत. म्हणून पंच्याण्णव आणि नव्व्याण्णव टक्के लोकांना किती वेळाच्या आत पान मिळालं, ते बघायचं. आणि किती जणांना एरर आली, तेही.

टेस्टही एकाच प्रकारची नको. अपेक्षित गर्दी सोडून बघा. मग कोसळेपर्यंत वाढवा, म्हणजे आपली हद्द कळते. मग एकदम झुंबड, दहाच्या ठोक्याला येते तशी. आणि एकदा मध्यम गर्दी सात-आठ तास चालू ठेवा; काही साइट पहिल्या तासाला ठणठणीत असतात आणि सहाव्या तासाला मेमरी संपून मरतात.

मोठ्यांचंही होतं

तुम्ही म्हणाल, एकटीने केलेलं काम, चुकणारच. तर ऐका. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी साइट उघडली. मागे प्रचंड खर्च आणि मोठमोठ्या कंपन्या. पहिल्या दिवशी लाखो लोक आले, आणि विमा किती जणांना घेता आला? सहा. शे नाही, हजार नाही, फक्त सहा. नंतरच्या चौकशीत हेच पुढे आलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंतची एकत्र तपासणी अगदी शेवटच्या दिवसांत झाली होती. तेव्हा दोष सापडला तरी दुरुस्तीला वेळ कुठे असतो? मी दोन महिने आधी केलं ते म्हणूनच. आदल्या रात्री टेस्ट करणं म्हणजे परीक्षेच्या हॉलबाहेर पुस्तक उघडणं.

तीन पथ्यं

एक, टेस्ट फक्त स्वतःच्या साइटवर, किंवा मालकाची लेखी परवानगी घेऊन. दुसऱ्याच्या साइटवर टोळ सोडणं हा हल्लाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये ते येतं. गंमत म्हणूनही करू नका.

दोन, होस्टिंगवाल्यांना आधी कळवा. नाहीतर ते तुम्हालाच हल्लेखोर समजून बंद करतील.

तीन, खऱ्या पेमेंटवर आणि खऱ्या एसएमएसवर गर्दी सोडू नका. त्यांची चाचणीची सोय वापरा. तीनशे खोट्या गिऱ्हाइकांचे तीनशे खरे एसएमएस जाऊन बिल आलं, तर ते आपल्यालाच भरायचं असतं. अनुभवाने सांगतेय.

मग त्या वर्षी काय झालं?

दुसऱ्या वर्षीचा तो रविवार. दहाला बुकिंग उघडलं. मी लॅपटॉपसमोर, चहा गार झालेला. आलेख वर चढला, पानं थोडी मंदावली, पण साइट उभी राहिली. सहाशे पेट्या पंचवीस मिनिटांत संपल्या, आणि ऑर्डरी बरोबर सहाशे. एसएमएस मात्र दहा-दहा मिनिटं उशिरा गेले. ते अजून सुधारायचंय.

अकराला काकांचा फोन. मी घाबरतच उचलला. ते म्हणाले, "आज फोनच वाजाक नाय गो. साइट चालू आसा ना?"

मंडळी, साइट नीट चालली की कुणाचा फोन येत नाही. आपल्या कामाची पावती ही एवढीच असते, आणि ती पुरते.

तुमच्या घरी कुणाचं लोणच्याचं, दिवाळी फराळाचं, पैठण्यांचं ऑनलाइन दुकान असेल, तर या आठवड्यात त्यांना एकच प्रश्न विचारा: "एकदम पाचशे लोक आले तर काय होईल?" उत्तर माहीत नसेल, तर सणाच्या आधी शोधा. कारण तुम्ही शोधलं नाहीत, तर गिऱ्हाईक शोधेल.

भेटू पुढच्या भागात.