वाटेवरचे पाणी

(औंढा नागनाथ तालुक्यातील एका वाडीवर, पावसाळ्याच्या तोंडावर केलेले भाषण)



बायाबहिणींनो, तुम्ही मागे का बसलात? पुढे या. डोक्यावर हंडा, नाहीतर सरपणाचा भारा घेऊन ही डोंगरवाट सगळ्यांत जास्त तुम्हीच तुडवता. आजचे बोलणे त्या वाटेबद्दलच आहे.

हिंगोली जिल्हा म्हटला की लोकांना काळी जमीन आठवते. कापूस, सोयाबीन, वसमतची हळद आठवते. पण औंढ्याच्या अंगाला आले की डोंगर लागतो. आपला डोंगर सह्याद्रीएवढा उंच नाही, हे खरे. पण पावसात पाय घसरायला उंच डोंगर कशाला पाहिजे? हातभर दरड उतरताना पडले तरी कंबर मोडते!

सडक झाली. एकशे आठ नंबरला फोन केला की दवाखान्याची गाडी येते. पण गाडी सडकेवर थांबते. सडकेपासून वाडीपर्यंत काय? पायवाट. एखादी बाई अडली, कुणाला पान लागले, तर त्या माणसाला झोळीत घालून ह्याच वाटेने उतरवावे लागते. आणि अशी वेळ नेमकी भर पावसात, अंधाऱ्या रात्री येते.

रायगड जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावर इर्शाळवाडी नावाची वाडी होती. आदिवासी ठाकर लोकांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री धो धो पाऊस चालू असताना दरड कोसळली आणि घरेच्या घरे गाडली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. माती उपसायची मोठी यंत्रे वर नेता येईनात. हेलिकॉप्टरे तयार होती, पण हवा इतकी खराब की उडता येईना. मग मदत गेली कशी? चिखलाच्या पायवाटेने! सरकारी पथकांचे जवान, आसपासचे तरुण आणि डोंगर चढणारी मंडळी तासाहून जास्त चढून वर गेली आणि कुदळ-फावड्याने माती उपसत राहिली. २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत. त्या रात्री वाट चांगली असती म्हणून दरड थांबली नसती. पण वर जायला दुसरे काहीच नव्हते, होती ती फक्त वाट.

आता आपल्या वाटेकडे वळू. वाट कोण मोडते? तुम्ही म्हणाल गुरे मोडतात, माणसे मोडतात. मी म्हणतो, पाणी मोडते. पाणी आळशी असते, बरं का. त्याला सरळ उताराची मोकळी जागा हवी. आपण वाट करतो तीही सरळ उतारावर, लवकर पोचावे म्हणून. मग पाणी म्हणते, वा, माझ्यासाठीच केली! एका पावसात बारीक ओघळ पडतो. दुसऱ्या पावसात तिथे गुडघाभर चर होतो. मग माणसे बाजूने चालतात, कडेचे गवत मरते, तिथलीही माती वाहते. एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि धड एकही राहत नाही.

यावर उपाय एकच. पाण्याला वाटेवर जमू द्यायचे नाही. थोडे आहे तोवरच बाजूला काढून द्यायचे. त्यासाठी वाटेवर ठिकठिकाणी दगडांची तिरकी ओळ घालतात. तिरकी म्हणजे तिरकीच. अगदी आडवी घातली तर पाणी तिथे तुंबते आणि मग वरून उडी मारते. दगड मोठे घ्यावेत आणि निम्म्याहून जास्त जमिनीत पुरावेत. नुसते वर ठेवलेले दगड पहिल्याच पुरात गडगडत खाली जातात. ओळीचे खालचे टोक वाटेच्या बाहेर न्यावे आणि तिथे पाण्याला तोंड मोकळे ठेवावे. हे तोंडच लोक विसरतात. त्यात पाला आणि गाळ अडकला की सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून दर मोठ्या पावसानंतर कुणीतरी फावडे घेऊन चक्कर मारलीच पाहिजे.

चिखलाच्या जागी काळी माती टाकू नका. ती पाणी पिऊन फुगते. आधी दगडगोटे भरा, वर मुरूम टाका, धुमसाने ठोका. कडेचे गवत मात्र उपटू नका. त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात.

इथे एका आजोबांनी विचारले, "मास्तर, काम उन्हाळ्यातच उरकावं. पावसात कशाला भिजायचं? येडे म्हणतील लोक."

आजोबा, मोठे खोदकाम उन्हाळ्यातच करायचे. पण पाणी कुठून येते आणि कुठे वळते, हे कोरड्या वाटेवर दिसत नाही. ते रिमझिम पावसातच दिसते. सह्याद्रीतल्या गडांवर श्रमदान करणारी तरुण मंडळी पाऊस पडताना वाट नीट पाहून घेतात आणि मग काम ठरवतात. गडांची एक गंमत सांगतो. शिवकाळानंतर रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात सांगितले आहे की गडाच्या वाटा सोप्या ठेवू नयेत, शत्रू येईल. आपल्या वाडीवर कोण शत्रू येणार? आपल्याला वाट सोपीच हवी.

मात्र एक गोष्ट कान देऊन ऐका. रिमझिम वेगळी आणि वादळ वेगळे. गडगडाट ऐकू आला की फावडे खाली. चार दगड राहिले असले तरी राहू द्या. वीज चमकली की आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पुढची आपल्या माथ्यावरही पडू शकते. लोखंड वीज ओढते असे लोक म्हणतात. खरे म्हणजे उंच जागा आणि एकटे झाड हेच धोक्याचे. माथ्यावर थांबू नका. झाडाखाली तर मुळीच नको. पक्क्या घरात जा. घर लांब असेल तर खोलगट जागी एकमेकांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास बंद असेल तर छाती जोरात दाबत राहा आणि एकशे आठला फोन लावा. पुण्याच्या हवामान संस्थेने 'दामिनी' नावाची सोय मोबाइलवर दिली आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला की ती इशारा देते. पोरांनी ती फोनमध्ये घ्यावी.

आणखी एक. वरच्या टप्प्यात वाट जंगलखात्याच्या हद्दीतून जाते. तिथे विचारल्याशिवाय खोदायचे नाही, झाड तोडायचे नाही. ग्रामपंचायतीने अर्ज द्यावा. वनरक्षकाला सोबत घेऊन वाट दाखवावी.

तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता मारुतीच्या पाराजवळ जमू. दर घरचा एक माणूस. कुदळी, फावडी, दोन पहारी आणि घमेली लागतील. धुमस सरपंचांच्या घरी आहे. पहिले काम ओढ्याच्या वरच्या वळणाचे. तिथे वाट सगळ्यांत जास्त खचली आहे आणि मोठे दगडही तिथेच पडलेले आहेत.