एका टनामागचा हिशेब

अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, म्हणजे आरसीएफचा, युरियाचा कारखाना आहे. केंद्र सरकारच्या मालकीचा, मुंबई हायच्या वायूसाठी बांधलेला. असा कारखाना कार्यक्षम आहे का, हे ठरवायचं कशावरून?

नफ्यावरून, असं आपण चटकन म्हणतो. पण युरियाचा भाव कारखान्याच्या हाती नाही. 45 किलोची गोणी शेतकऱ्याला साधारण 266 रुपयांना मिळते. उत्पादनखर्च त्याहून पुष्कळ जास्त. फरक सरकार अनुदानातून भरतं. मग नफ्यात कामगारांचं कसब किती आणि दिल्लीचं धोरण किती, हे कसं कळणार? 1977 मध्ये मराठे समितीच्या शिफारशीवरून प्रत्येक कारखान्याला त्याच्या खर्चाप्रमाणे भाव मिळू लागला, वर 12 टक्के परतावा. त्यातून देशात खतकारखाने उभे राहिले, हे श्रेय द्यायलाच हवं. पण ज्याचा खर्च जास्त त्याला भावही जास्त, तर काटकसर कोण करणार? 2003 मध्ये ही पद्धत बदलली.

मला ऊर्जेचा हिशेब सर्वांत प्रामाणिक वाटतो. एक टन युरियाला किती गिगाकॅलरी लागल्या? 2015 च्या युरिया धोरणानं कारखान्यांचे गट पाडून साडेपाच ते साडेसहाची लक्ष्यं ठरवली. बाजारभाव चढो वा उतरो, वाफेची गळती आणि जुना कॉम्प्रेसर या आकड्यात दिसतातच. मात्र वायूचा पुरवठा तुटून संयंत्र थंड पडलं, की ते पुन्हा सुरू करताना युरिया न बनताच वायू जळतो. तो दोष कंट्रोल रूममधल्या माणसाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. म्हणून या आकड्याशेजारी बंद राहिलेले तास आणि त्यांची कारणंही छापायला हवीत.

दरडोई उत्पादनाबद्दल मात्र मला राग आहे. कायम कामगार निवृत्त होतात, त्यांच्या जागी कंत्राटी येतात आणि हिशेब फक्त कायम कामगारांचा मांडला की दरडोई टन वाढलेले दिसतात. काम तेवढंच, माणसंही तेवढीच. गोण्या भरणारा, व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा माणूस ज्या हिशेबात नाही, त्याला मी उत्पादकता म्हणायला तयार नाही. सरकारी उद्योगांनी कायम आणि कंत्राटी कामगारांचे तास एकत्र मोजून वार्षिक अहवालात द्यावेत. अडचण कसली? ठेकेदाराची बिलं कारखान्याच्याच लेखाविभागात मंजूर होतात आणि त्या माणसांना गेटपासही कारखानाच देतो.