पंडितांनी दिलेलं उत्तर

1692 साली अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली. शेजारच्या बेव्हर्ली गावचे पाद्री जॉन हेल या खटल्यांच्या बाजूने होते. काही आरोपींविरुद्ध त्यांनी साक्षही दिली. मग नोव्हेंबरात त्यांच्या बायकोवरच चेटकाचा आळ आला, आणि हेल यांना अशा पुराव्याचा कच्चेपणा दिसू लागला. पुढे त्यांनी झालेल्या चुका कबूल करणारं पुस्तक लिहिलं. ते 1702 मध्ये छापून आलं, तेव्हा हेल हयात नव्हते.

मला यात एक गोष्ट खटकते. त्यांचे डोळे उघडायला आग स्वतःच्या घरापर्यंत यावी लागली. म्हणून आज कोलकात्यातल्या एका पंडितांविषयी बोलायचंय.

इथे प्रश्न सतीचा होता. कंपनी सरकार धर्मात हात घालायला घाबरायचं. 1805 मध्ये निजामत अदालतीने आपल्या पंडितांना, घनश्याम शर्मांना विचारलं, शास्त्र काय म्हणतं? उत्तर आलं, चालतं; मात्र बाई गरोदर नसावी, पदरी तान्हं मूल नसावं, ती अल्पवयीन नसावी, तिला नशा देऊन नेलेलं नसावं. या उत्तराच्या आधाराने 1813 मध्ये पोलिसांना सूचना गेल्या. आता अटी पाळल्या जातात का, हे बघायला चितेजवळ पोलीस हजर. हेतू अडवण्याचा असेलही. लोकांना दिसलं ते एवढंच, की सरकारी माणूस उभा आहे आणि बाई जळते आहे. बंगाल इलाख्यात 1815 मध्ये 378 सती नोंदल्या गेल्या, 1818 मध्ये 839. पटकीची साथ त्याच सुमाराची, नोंदीही नीट होऊ लागल्या होत्या, हे खरं. पण सगळी वाढ त्यावर ढकलता येत नाही.

1817 मध्ये तोच प्रश्न मृत्युंजय विद्यालंकारांकडे आला. फोर्ट विल्यम कॉलेजात ते विल्यम कॅरींच्या हाताखाली मुख्य पंडित होते. (1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे ते हेच कॅरी.) नंतर मृत्युंजय सुप्रीम कोर्टाचे पंडित झाले. माणूस सुधारक मुळीच नव्हता; त्याच वर्षी त्यांनी राममोहन रॉय यांच्या विरोधात पुस्तक लिहिलं. तरी त्यांनी तेच ग्रंथ उघडून उत्तर दिलं, की सहगमन बंधनकारक नाही, विधवेने व्रतस्थ राहून जगणं त्याहून श्रेष्ठ. राममोहन यांची सतीविरोधी पुस्तिका आली ती त्यानंतर, 1818 मध्ये.

मृत्युंजय यांच्यापुढे आपलं घर वाचवायचा प्रश्न नव्हता. विचारलं, त्यांनी सांगितलं. आणि सरकारने? सूचना तशाच चालू ठेवल्या. 1815 ते 1828 या वर्षांत सरकारी नोंदीतल्या सती 8134. मृत्युंजय 1819 मध्येच वारले.

कायदा झाला 4 डिसेंबर 1829 ला. बंगाली भाषांतरासाठी तो कॅरींकडे आला, तो दिवस रविवारचा. उशीर झाला तर आणखी बायका जळतील, म्हणून त्यांनी त्या दिवशीचं प्रवचन सोडलं आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरं केलं. कायद्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय, की हिंदू धर्मात सती जाणं कुठेही सक्तीचं कर्तव्य नाही, उलट विधवेच्या शुद्ध, एकांत जीवनालाच जास्त मान आहे. बारा वर्षांपूर्वीचं आपल्या जुन्या पंडितांचं उत्तरच कॅरी भाषांतरित करत होते. कायद्यात मृत्युंजय यांचं नाव नाही.