घरचा संस्कार आणि स्वतःची दृष्टी



मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेहून कपाळी भंडारा लावून परतणाऱ्या मुलाला जीव, जगत्, ईश्वर यांची चर्चा कोणी सांगितलेली नसते. तरी जगाकडे पाहण्याची एक रीत तो घेऊन येतो. ज्याला आपण खंडोबा म्हणतो, त्यालाच कोणी मल्लूखान म्हणतो, हे त्याने ऐकलेले असते.

पुढे तो तत्त्वज्ञान वाचतो. वेदान्त माणसाला निष्क्रिय करतो, असा आक्षेप आहे. आम्हांला तो अर्धाच खरा वाटतो. व्यंकटेश खेडगीकर हा तरुण स्वामी रामतीर्थांच्या विचारांनी भारावला आणि संन्यास घेऊन रामानंद तीर्थ झाला. पण स्वामीजी हिमालयात गेले नाहीत! हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, पुढे अंबाजोगाईस, ते मुलांना शिकवीत राहिले. १९३८ च्या सत्याग्रहात आणि पुन्हा १९४७ साली निजामाच्या तुरुंगात गेले. सर्वांभूती एकच आत्मा असेल, तर एकाने राज्य करावे आणि इतरांनी वाकावे, याला आधार कोठला? अद्वैताचा हा अर्थ आम्ही लावतो. मठांतून तो क्वचितच ऐकू येतो.

उलट बाजूस नरहर कुरुंदकर. ते नास्तिक, पण मनुस्मृतीवर त्यांनी ग्रंथ लिहिला, तो ती बारकाईने वाचून. न वाचता पूजणारे आणि न वाचता जाळणारे, दोघांचीही त्यामुळे अडचण झाली.

आपल्या घरी मात्र पोथी ऐकताना मुलाने ‘असे का?’ विचारले, की आपण त्याला गप्प बसवितो.