मालकांची सभा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'सहकाराचं महत्त्व'. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला असा विषय द्यायचा आणि पंधरा मिनिटांत आटपा म्हणायचं, यात जरा जोखीमच आहे. पण मागे जेवणाची मांडामांड सुरू झालेली मलाही दिसते आहे, तेव्हा काळजी नसावी.

यंदा संस्थेला २५ वर्षं पूर्ण झाली. संयुक्त राष्ट्रसंघानेही २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. योगायोग छान आहे. पण राष्ट्रसंघाला आपल्या 'ब' विंगच्या टाकीची गळती ठाऊक नाही, म्हणून आपण आपल्या पातळीवरच बोलू.

आपल्या प्रत्येकाच्या कपाटात, घराच्या कराराच्या फाइलीत, एक कागद असतो. भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. पन्नास रुपयांचे दहा भाग, एकूण ५०० रुपये. घराची किंमत आज कुठल्या कुठे गेली, त्यामुळे त्या पाचशेच्या कागदाकडे कुणी बघत नाही. घर विकायचं निघालं किंवा कर्ज काढायचं झालं की मग शोधाशोध सुरू होते. "अहो, तुम्ही कुठे ठेवलंत?" "मी नाही, तूच ठेवलंस!" पण संस्थेतलं आपलं सभासदत्व, आपलं मत, त्या कागदामागे असतं. खाजगी कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. इथे तसं नाही. तीन खोल्यांच्या फ्लॅटला एक मत आणि एका खोलीच्या फ्लॅटलाही एकच मत. सेवाशुल्कही सगळ्यांना सारखं. त्यावरून दर दोन वर्षांनी आपल्याकडे वाद होतो, तो आज नको.

ही पद्धत आपल्या शहरांत कशी रुजली, ते थोडं सांगतो, कारण गोष्ट आपल्यासारख्याच नोकरदारांची आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कानडा किनाऱ्यावरून चित्रापूर सारस्वत मंडळी नोकरीसाठी मुंबईला येत. कारकुनी करायची, चाळीत खोली बघायची, असं आयुष्य. त्यांच्यातले श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ साली एक पतसंस्था काढली आणि आपले गुरू श्यामराव विठ्ठल कायकिणी यांचं नाव तिला दिलं. तीच पुढे श्यामराव विठ्ठल सहकारी बँक झाली, जिला आज आपण एसव्हीसी म्हणतो. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे कायदा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९१२ च्या नव्या कायद्याने कर्जपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही अशा संस्था काढायची सोय झाली, आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. ताडदेवची तालमकीवाडी ओळखीची असेल, ती याच तालमकींच्या नावाची.

बँकवाल्याच्या नजरेला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पतसंस्था, मग घरं. ज्या लोकांनी एकमेकांची छोटी कर्जं फेडून घ्यायची सवय लावून घेतली होती, त्यांनाच एकत्र इमारत बांधणं जमलं. कारकुनाकडे तारण कुठलं असणार? दागिना असला तर बायकोचा. तारण होती ती ओळख, आणि ओळखीतून येणारी लाज. कर्जाचा हप्ता चुकला तर रविवारी देवळात तोंड कसं दाखवायचं, ही लाज. आमच्या बँकेच्या वसुली खात्याला ती कधी विकत घेता आली नाही.

आता माझ्या नोकरीतलं सांगतो. ऐंशीच्या दशकात माझी बदली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत झाली. शहरातला माणूस, जाताना तोंड वाकडं करूनच गेलो. तिथे एक गोष्ट लवकर लक्षात आली. उसाचा पैसा मोठा, पण येणार वर्षातून दोन-तीनदा, आणि येणार घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. दुधाचा पैसा लहान, पण दर दहा दिवसांनी. जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ सालचा. गावोगावच्या दूध संस्था त्याच्या सभासद. बिलाच्या दिवशी संस्थेचा सचिव कापडी पिशवी घेऊन शाखेत यायचा, मोजून रोकड न्यायचा आणि संध्याकाळी संस्थेच्या दारात वाटप व्हायचं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाची उधारी मिटायची, शाळेची फी भरली जायची, एखादी बाई दहा-वीस रुपये खात्यात टाकायला यायची. म्हशीचं शेण काढणारी, वैरण आणणारी तीच, त्यामुळे त्या पैशावर थोडं तरी तिचं चालायचं. उसाच्या पैशाबाबत असं मी फारसं पाहिलं नाही.

आणखी एक. गावात संस्था नव्हती तेव्हा व्यापारी ठरवेल तो दुधाचा भाव. संस्था आली, फॅट मोजून दर द्यायला लागली, तसा व्यापाऱ्यालाही भाव वाढवावा लागला. म्हणजे जो शेतकरी संस्थेचा सभासदच नव्हता, त्याच्याही पदरात दोन पैसे जास्त पडले. सहकाराने अर्थव्यवस्थेला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगतो. संस्थेने सगळा धंदा ताब्यात घ्यावा लागत नाही. तिचं दुकान उघडं आहे एवढ्यानेच शेजारच्या दुकानाचा काटा सरळ होतो.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथलं दूध खाजगी डेअरीमार्फत मुंबईला जायचं आणि भावाचा लाभ मधल्यांना व्हायचा. सरदार पटेलांच्या सल्ल्याने १९४६ च्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी दूध घालणं बंद केलं. पंधरा दिवस मुंबईला तिकडचं दूध नाही! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचा संघ नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष, आणि पुढे वर्गीस कुरियन व्यवस्थापक. सुरुवात दोन गावांच्या संस्था आणि दिवसाला सुमारे २५० लिटर दूध एवढीच होती. आज तुमच्या फ्रिजमध्ये आहे तो अमूल तोच. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आठवत असेल, १९७६ चा. त्याचा खर्च गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन केला. पिक्चर लागला तेव्हा ते ट्रक भरभरून बघायला गेले. निर्मातेच ना शेवटी!

आपल्या महाराष्ट्राने तर याच्याही पुढची मजल मारली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते, आणि पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना त्यांनी कारखान्याचं अध्यक्षपद घ्यायला लावलं. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेला माणूस आधी प्रवरेच्या साखर कारखान्याचा अध्यक्ष होता. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि फारसं शिक्षण न झालेला शेतकरी एका टेबलावर बसले, तेव्हा ते उभं राहिलं.

हे सगळं गोड गोड झालं. आता तुम्ही मनात म्हणत असाल, की नंतर काय झालं तेही सांगा. सांगतो. कित्येक कारखाने डबघाईला आले, काही विकले गेले, आणि नागरी सहकारी बँकांबाहेर ठेवीदारांच्या रांगा आपण टीव्हीवर पाहिल्या. आपल्यापैकी काही जण त्या रांगांत उभेही होते. माझ्या नात्यातल्या एका विधवा बाईंची जन्माची पुंजी अशाच एका बँकेत अडकली. बँकेचं नाव घेत नाही. त्या बँकेच्या वार्षिक सभेला मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. दाराशी अहवाल आणि त्याबरोबर स्टीलचा डबा भेट. डबा सगळ्यांनी घेतला. अहवाल बराचसा खुर्च्यांवरच राहिला. विषय वाचला जायचा आणि पुढच्या तीन रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गजर व्हायचा. थकीत कर्जाचं पान अहवालात होतं. छापलेलं होतं, लपवलेलं नव्हतं. त्यावर एकानेही प्रश्न विचारला नाही.

यात एक मेख आहे, ती बँकेबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. नागरी बँकेत कर्ज घ्यायचं तर भाग घ्यावे लागतात, म्हणजे कर्जदार सभासद होतो, त्याला मत मिळतं. ठेव ठेवायला भाग लागत नाहीत. म्हणजे मतं बरीचशी कर्जदारांच्या हातात आणि पैसा ठेवीदारांचा! संचालक शहाणे असले तर चालतं. नसले तर नुसता ठेवीदार सभेत हात वर करू शकत नाही. ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून ते एक लाखावरून पाच लाख झालं, पण तेही एका बँकेत एका ठेवीदाराला. आपल्या सोसायटीचा सिंकिंग फंड सगळा एका बँकेत ठेवू नये म्हणून मी दर वर्षी उठून बोलतो ते याचसाठी. म्हातारा तेच तेच बोलतो असं वाटत असेल. वाटू दे.

आता घरचं. आपल्याला जमिनीचं अभिहस्तांतरण, कन्व्हेयन्स, बिल्डरने वर्षानुवर्षं करून दिलं नाही. ६० फ्लॅटधारकांपैकी कुणी एकटा त्यांच्या ऑफिसात गेला की त्याला चहा मिळायचा आणि पुढची तारीख मिळायची. कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली तेव्हा संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला. त्यासाठी तेव्हाच्या कार्यकारिणीतल्या तिघांनी जुने करार, इंडेक्स टू, मंजूर नकाशे, सात-बारा गोळा करण्यात दोन वर्षं घालवली. रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने. तिघांतले एक आज हयात नाहीत. आज पुनर्विकासाची भाषा आपण ज्या तोऱ्यात करतो, तो तोरा त्या फाइलीवर उभा आहे. जमीन आपल्या नावावर नसती तर आपल्याशी कोण बोललं असतं?

आणि गेल्या वार्षिक सभेला किती जण होतो? चौदा. गणपूर्ती झाली नाही, सभा अर्धा तास तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे मग त्याच चौदा जणांनी पुन्हा भरवली. त्या चौदा जणांनी लिफ्टच्या कामाचा लाखो रुपयांचा खर्च मंजूर केला. मंजूर, मंजूर! दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे बारा मेसेज. मी मोजले, निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यातले काही मुद्दे अगदी बरोबर होते. निविदा दोनच का मागवल्या, हा प्रश्न मीही विचारायला हवा असा होता. पण ग्रुपवरचा प्रश्न इतिवृत्तात जात नाही, आणि इतिवृत्तात नसलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कार्यकारिणी बांधील नसते.

पुढच्या दोन महिन्यांत आपली पंचवार्षिक निवडणूक आहे. ११ जागा आहेत. आजपर्यंत इच्छुक म्हणून नावं आली आहेत चार, आणि त्या चौघांचंही वय मिळून दोनशे ऐंशीच्या पुढे आहे. पुरेशी माणसं उभी राहिली नाहीत, तर निबंधक कार्यालयाकडून प्रशासक येऊ शकतो. माणूस चांगलाही असेल, पण त्याला 'ब' विंगची टाकी कुठे गळते ते माहीत नसणार, आणि आपल्या सह्यांचे चेक तो लिहिणार. पुनर्विकासाचा निर्णय तोंडावर असताना हे आपल्याला चालेल का, ते घरी गेल्यावर नवरा-बायकोने आणि मुलांनी एकत्र बसून ठरवावं. मुलांनी म्हणजे तिशी-पस्तिशीतल्या मुलांनी. घर तुमच्या नावावर नसेल, तर सहयोगी सभासद होता येतं, त्याचा अर्जही ऑफिसात आहे. हिशेब संगणकावर करता येणारी, बोलायला न घाबरणारी निदान चार तरुण माणसं हवीत. स्त्रियांसाठीच्या जागा आहेत, त्यांवर खरंच काम करणाऱ्या हव्यात. यजमानांनी सही करून आणलेला अर्ज नको.

जुन्या वहीखात्यांचं काय, कसं वाचायचं, ही भीती असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसेन. ताळेबंद कसा बघायचा, कुठल्या आकड्यावर बोट ठेवायचं, ते सांगेन. चहा माझ्याकडून. अर्ज सचिवांकडे संध्याकाळी सात ते नऊ मिळतात, शेवटची तारीख सूचना फलकावर लावली आहे. लिफ्टजवळच्या.